बिनलेबलाची बाटली

शालन : ही बाटली तुम्हाला दिली कुणी?

त्रिशला : हळू की, सिस्टर. आत सगळं ऐकू जातंय.

(कसबा बावड्यातलं त्रिशलाचं घर. बाहेरच्या सोप्यात चहाच्या दोन कपबशा, बाळाचं वजन करायचा काटा. आतल्या खोलीचं दार लोटलेलं.)

शालन : लेबल नाही, तारीख नाही. रबराच्या बुचाला सुईची ही एवढी भोकं. कशाचं औषध आहे हे?

त्रिशला : दूध उतरायचं.

शालन : कुणाचं?

त्रिशला : आता दूध म्हंजे… दूधच की.

शालन : काकी, ही म्हशीची बाटली आहे.

त्रिशला : असू दे की! औषध त्येच हाय न्हवं? पेंडीच्या दुकानातला म्हटला, माणसांच्या दवाखान्यात बी बाळंतिणीला ह्येच देत्यात. म्हणून म्हटलं, तुमी बाळीचं वजन कराय आलायसाच, तर जाता जाता सुनेला एक सुई टोचून जावा. म्हशीला दोन सीसी देतो, हिला अर्धी देऊया.

शालन : अर्धी.

त्रिशला : बारीक अंगाची हाय ती.

शालन : दवाखान्यात देतात ते मोजून देतात. थेंब थेंब, सलाईनमधनं, डॉक्टर उशाशी उभे असतात. ह्यात किती आहे, काय मिसळलंय, ते त्या दुकानदारालाही ठाऊक नसेल. आणि मी आज आले नसते तर?

त्रिशला : सुई उकळून ठेवलीया.

शालन : काय?

त्रिशला : सकाळी. म्हशीचीच सुई. वीस मिनटं उकळली. मग दिवसभर हात धजंना. तवर तुमची लुना वाजली दारात.

शालन : द्या ती सुई इकडं. बाटलीही माझ्याकडंच राहील.

त्रिशला : बाटली न्हेऊ नगासा, सिस्टर. सांजच्या धारंला मी काय करू?

शालन : म्हणजे दोन्ही वेळेला टोचता?

त्रिशला : रेडकू मेलं की हिचं. दिवाळीत. तवापासनं पान्हाच सोडंना. कास तटतटलेली, आणि सडाला हात लावला की लाथ. दुकानदार म्हटला, ह्ये टोचा, दोन मिनटांत धार लागती. लागती खरी.

शालन : रेडकू कशानं मेलं?

त्रिशला : रेडा हुता.

शालन : हा काय आजार झाला?

त्रिशला : तुमी तर पोलिसागत विचाराय लागलासा. दोन सड ठेवत हुतो त्याच्यासाठी. मग एक ठेवाय लागलो. मग रतीब वाढलं, सिस्टर. मग काय न्हाय ठेवलं.

शालन : पाणी गाळून पिता तुम्ही. दिवस मावळला की तोंडात घास घालत नाही.

त्रिशला : बोला. लागत न्हाय मला असं समजू नगासा. सुई टोचली की पाठ अशी कमानीगत करती ती. मी तोंड फिरवतो.

शालन : कळा येतात तिला. ह्याच औषधानं गर्भाची पिशवीही आवळते. रोज दोनदा बाळंतपणाच्या कळा, आणि बाहेर कुणीच येत नाही. गाभण राहिली का परत?

त्रिशला : दोनदा रेड्याला दाखवली. दोनदा उलटली.

शालन : आणि त्याच म्हशीचं दूध बाटलीनं बाळीला.

त्रिशला : पाणी घालून देतो की.

शालन : हे कार्ड बघा. सांगलीला माहेरी असताना चार किलो शंभर. इथं येऊन नऊ दिवस झाले. आत्ता काट्यावर किती भरली? तीन किलो आठशे. वरनं जुलाब. असंच चाललं तर पुढच्या आठवड्यात मी वजनाला येणार नाही, काकी. ॲडमिट करायला येईन.

त्रिशला : म्हणून तर म्हणतोय न्हवं, आईला दूध यायचं कायतरी बघा!

शालन : माहेरी येत होतं.

त्रिशला : तिची आई म्हणती, कापडं भिजायची. हिकडं आल्यावर पहिलं चार दिवस छाती दगडागत झाली, ताप आला. आता मऊ पडली, आणि थेंब न्हाय. मला वाटतंय, पान्हा चोरती. म्हैस चोरती तशी.

शालन : चोरता येत नाही हो. म्हशीलाही नाही आणि हिलाही नाही. मला एक सांगा, गाभण म्हशीची कास विण्याआधीच भरते. मग दूध का येत नाही?

त्रिशला : कसं यील? वार पडाय पाहिजे. मग चीक येतो, मग दूध.

शालन : बघा, तुम्हाला सगळं माहीत आहे. पोटात बाळ आहे तोवर वारेतनं एक रस आईच्या रक्तात जातो. तो म्हणत असतो, थांबा, अजून नाही. वार पडली की त्याचं बोलणं संपलं. मग मेंदूच्या बुडाला वाटाण्याएवढी एक गाठ आहे, तिथनं दोन रस येतात. एक दूध तयार करतो. बाळ जितकं ओढेल तितकं तो जास्त करतो. आणि दुसरा ते खाली सोडतो.

त्रिशला : म्हंजे करणारा एक आणि सोडणारा दुसराच?

शालन : दुसराच. त्यालाच तुम्ही पान्हा म्हणता. ह्या बाटलीत त्याचीच नक्कल आहे. आणि हा सोडणारा आहे ना, लई लाजाळू. बाळाचा नुसता आवाज आला, वास आला, तरी येतो. पण बाई भ्याली, तिचा चारचौघांत पाणउतारा झाला, की भीतीचा रस अंगात चढतो आणि ह्याची वाट बंद. दूध आत आहे, पण सुटत नाही. बरेच दिवस सुटलं नाही की करणाराही म्हणतो, कुणाला नकोय वाटतं, आणि हात आवरतो.

त्रिशला : जनावराचं बी असंच?

शालन : जे जे अंगावर पाजतं त्या सगळ्यांचं असंच. बाटली हातात यायच्या आधी, धारेला गोठ्यात कोण कोण असायचं तुमच्या?

त्रिशला : कोण न्हाय. अजून बी न्हाय. चिरागला, पोटच्या पोराला मी फिरकू देत न्हाय. माझाच हात. ऊन पाण्यानं कास धुतो, पाठीवरनं हात फिरवतो, आंबोण फुडं ठेवतो. भाईर कुणाचा आवाज आला की म्हणतो, हळू बोला रं, धारंची येळ हाय.

शालन : आणि सुनेच्या खोलीत?

त्रिशला : तिच्या खोलीत काय?

शालन : ती माहेराहून आली त्या दिवशी काय झालं?

त्रिशला : काय व्हायचंय! बायका आलत्या बाळी बघाय. पोरगी रडाय लागली. हिनं पदराआड घेतली. पोरगी तोंड लावती आणि सोडती, सोडती आणि रडती. सात-आठ बायका नुसत्या बघत्यात. मला कसंतरीच झालं. मी आपलं हसण्यावारी न्यायचं म्हणून…

शालन : काय म्हणालात?

त्रिशला : आता शब्दाला शब्द कुठं आठवतोय.

शालन : आठवत असेल.

त्रिशला : म्हटलो, हिच्यापरीस आमची म्हैस बरी. रेडकू न्हाय तरी दोन्ही येळंला चरवी भरती.

शालन : सगळ्यांसमोर.

त्रिशला : हसल्या की सगळ्या.

शालन : आणि ऐश्वर्या?

त्रिशला : ती बी हसली.

शालन : तेव्हापासनं थेंब नाही.

त्रिशला : एवढ्या-तेवढ्यानं दूध आटाय लागलं तर जगात एक पोर जगायचं न्हाय, सिस्टर! माझी सासू काय कमी बोलली मला? माझं काय आटलं?

शालन : नाही आटलं?

त्रिशला : न्हाय.

शालन : काकी.

त्रिशला : न्हाय म्हटलं की एकदा! चिराग माझ्या अंगावर पिऊन…

शालन : पंच्याहत्तर साल. विहिरीकडचा ऊस. मी बारा वर्षांची होते. बांधावर बसायचं आणि कोण येताना दिसलं की खोकायचं, एवढंच काम होतं मला.

त्रिशला : सिस्टर…

शालन : आता सिस्टर नका म्हणू. ऐश्वर्याच्या सातव्या महिन्यापासनं ह्या घरी येतेय मी. दर वेळी तुम्ही विचारता, तुमी कुठल्या? मी सांगते, मंगळवार पेठेतली. खोटं नाही, सासर तिथंच आहे.

त्रिशला : वळखलं हुतं. पहिल्या दिवशीच. चाल तुझ्या आईची, चिमणाबाईचीच हाय, पाय जरा आपटून टाकायची.

शालन : मग?

त्रिशला : वळख दाखवली असती तर फुडचं सगळंच दाखवाय लागलं असतं.

शालन : तीन आठवडे, काकी. भांगलण चालली होती तुमच्यात, आई तण काढायला यायची. जेवायच्या सुट्टीत तुम्ही पदराखालनं बाळ आणायचा आणि आई उसात घेऊन बसायची. एका मांडीवर आमचा प्रसेनजीत, एका मांडीवर तुमचा चिराग. आई म्हणायची, दोघांत चिरागच हावरा.

त्रिशला : हुताच. अजून बी हाय. ताटातलं संपायच्या आधी वाढ म्हणतोय.

शालन : तुम्ही माझ्याकडं बघायचा नाहीत तेव्हाही.

त्रिशला : आईकडं तरी कुठं बघत हुतो? भुईकडं बघायचो. मग एक दिवस तीच म्हटली, वैनी, तुमी बी जरा पदराखाली घ्या की त्याला. हितं कोण न्हाय. रोज थोडा थोडा घ्या. मी घ्यायचो. निस्ता पानांचा आवाज यायचा. ती कायबाय बोलत ऱ्हायची, तिच्या माहेरचं, तुझ्या शाळंचं. अठराव्या दिवशी माझं पोलकं भिजलं. मला रडू आलं. ती हसली. म्हटली, झालं बाई, आता मी सुटलो.

शालन : हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, तुम्ही एकदम यायच्या बंद झालात.

त्रिशला : बंदच झालो की. काम झाल्यावर कोण येतंय?

शालन : मग चिरागच्या जावळाला ती झबलं घेऊन तुमच्या दारात आली.

त्रिशला : नगं, शालन.

शालन : तुमच्या सासूबाईंनी विचारलं, ही कोण?

त्रिशला : मी म्हटलो, आसंल कोणतरी भांगलायला येणारी. तिच्या तोंडावर म्हटलो. तिनं झबलं उंबऱ्यावर ठेवलं आणि गेली. फुडचं तुला ठावं न्हाय. सासू म्हटली, टाकून दे ते. नुसतं टाकलं असतं तर कुणीतरी उचललं असतं, कुणाच्यातरी अंगावर गेलं असतं. मी माझ्या हातानं न्हाणीच्या चुलीत घातलं. पिवळं हुतं. तांबड्या ठिपक्याचं.

शालन : माझा फ्रॉक होता तो.

त्रिशला : काय?

शालन : पिवळ्यावर तांबडे ठिपके. घेर कापून शिवलं होतं आईनं. त्यापायी मी दोन दिवस बोलले नव्हते तिच्याशी.

त्रिशला : अगं माझे आई… आता मी तुला काय बोलू?

शालन : मला काही बोलू नका. आई जाऊन चार वर्षं झाली. शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही तिनं. प्रसेनजीतलाही नाही. म्हणायची, सांगायचं ते माझं न्हाय, वैनीचं हाय. परवा प्रसेनजीत पेट्रोल पंपावर रांगेत होता, पाठीमागं तुमचा चिराग. चिराग म्हणाला, ओ पावणं, गाडी घ्या की जरा पुढं. घरी येऊन सांगत होता, बावड्याचा तो चिराग, लई घाईचा माणूस. मी भाकरी थापत होते. हसायचं का रडायचं ते कळेना.

ऐश्वर्या : आत्ती.

त्रिशला : अगं बाई! तू कवा आलीस दाराशी?

ऐश्वर्या : तुम्ही सुई उकळली म्हणालात ना, तेव्हा.

त्रिशला : देवा.

ऐश्वर्या : आतनं कडी लावून घेतली होती मी. चिमणाबाईंचं नाव आलं तेव्हा काढली.

शालन : ये, बस इथं. बाळी?

ऐश्वर्या : झोपली रडून रडून. सिस्टर, ते दोन रस म्हणालात ना तुम्ही. प्रोलॅक्टिन आणि ऑक्सिटोसिन. बीएस्सीला झूलॉजी होतं मला. बाळ ओढतं, संदेश मेंदूकडं कसा जातो, दूध कसं सुटतं, आकृती काढून लिहिलं होतं मी. दहापैकी नऊ मार्क.

शालन : मग तुला माझ्यापेक्षा जास्त येतं.

ऐश्वर्या : येतं ना. नऊ दिवस बाळीला धरून मनात तेच म्हणतेय. हायपोथॅलॅमस, पिट्युटरी, आता सुटेल, आता सुटेल. आणि मध्येच ती म्हैस येऊन उभी राहते. चरवी भरून. मला वाटतं, तिला येतं, तिचं रेडकू मेलं तरी येतं. मग मीच कशी अशी?

त्रिशला : तिला बी येत न्हवतं, बाळा.

ऐश्वर्या : ऐकलं मी.

त्रिशला : न्हाय, माझ्या तोंडनं ऐक. ज्या म्हशीची शेखी मी तुझ्यापुढं मिरवली, ती सुईनं दूध देती. माझ्या हाताला देत न्हाय. तिचं पोर मी मारलं, ती मला कशाला देती? आणि सकाळी तीच सुई मी तुझ्यासाठी उकळत बसलो हुतो.

ऐश्वर्या : तुमच्या सासूबाईंनी काय म्हटलं होतं तुम्हाला?

त्रिशला : कुणाला सांगितलं न्हाय ते. सत्तावीस वर्सं पाठ हाय. मी बी सव्वा महिन्यानं माहेरनं आलतो, बायका अशाच बसल्या हुत्या. सासू म्हटली, हिच्यापरीस आमची म्हैस बरी.

ऐश्वर्या : तेच?

त्रिशला : तेच. त्या वक्ताची म्हैस तेवढी दुसरी. मी मनाशी म्हटलं हुतं, माझ्या सुनेला मी असलं कवा बोलायची न्हाय. आणि परवा तोंड उघडलं तर आत तेच तयार हुतं.

ऐश्वर्या : मी हसले नव्हते, आत्ती. तोंडाचं काय करायचं ते सुचत नव्हतं.

त्रिशला : ठावं हाय मला. मी बी तसंच केलतं.

शालन : बरं, आता दोघींनी ऐका. बाळीची ती दुधाची बाटली आजपासनं बंद. बाळीला अंगाला अंग लावून घ्यायचं, मध्ये कापड नको. ती मागेल तेव्हा, आणि ती मागायच्या आधीही. आधी हातानं थोडं पिळून बघ, ऐश्वर्या, एक थेंब आला तरी तिच्या ओठाला लाव. वरचं काय आणि किती द्यायचं ते आजच डॉक्टरांना विचारू, जे सांगतील ते वाटी-चमच्यानं. मी रोज काटा घेऊन येते.

ऐश्वर्या : येईल?

शालन : आज येईल असं मी सांगणार नाही. आठ दिवस लागतील, जास्तही लागतील. पण तुझं आटलेलं नाही. अडलेलं आहे.

त्रिशला : आणि मी काय करू?

शालन : तुम्ही काही करू नका.

त्रिशला : असं नगं म्हणू. मला कायतरी काम दे की.

शालन : माझ्या आईनं मला दिलं होतं तेच घ्या. दारात बसा. कोण येताना दिसलं की खोका.

त्रिशला : बसतो. तू आत जा तिच्यासंगं. तुझी आई बोलायची तसं बोल कायतरी. तिच्या माहेरचं, शाळंचं. ती बाटली न्हे तुझ्या पिशवीत. सुई बी न्हे. जा गं ऐश्वर्या, पोरगी उठली बघ.

झुंबरबाई : त्रिशलाक्का! हाईस का गं घरात?

त्रिशला : खॉक्. खॉक् खॉक्.

झुंबरबाई : खोकला झाला व्हय? कारखान्याचा भोंगा वाजला की आत्ता. रतिबाला आलो. आणि तू अजून उंबऱ्यावरच?

त्रिशला : दूध न्हाय आज, झुंबर. म्हैस दील तेवढंच. न्हाय दिलं तर न्हाय. उद्यापासनं दुसरीकडनं बघ.

झुंबरबाई : आता म्हशीला काय झालं? सुनेचा वाण लागला का काय? अगं, त्या दिवशीचं तुझं बोलणं, अजून हसतोय आम्ही. आलं का न्हाय तिला दूध?

त्रिशला : मला बी आलं न्हवतं.

झुंबरबाई : कशाचं?

त्रिशला : दूध. चिरागच्या टायमाला. सासू बोलली आणि आटलं.

झुंबरबाई : कायतरीच बोलतीस! मग चिराग कशावर वाढला?

त्रिशला : चिमणाबाईच्या दुधावर. बौद्धवाड्यातली, आमच्यात भांगलायला यायची ती. तिची लेक आत बसलीया, नर्स हाय. रात्री चिराग आला की त्याला बी सांगणार हाय.

झुंबरबाई : अगं अगं अगं! आणि एवढी वर्सं तू तोंडातनं एक शबुद…

त्रिशला : हळू बोल, झुंबर. पाजायची येळ हाय.